देव जाणे

देव सर्वज्ञ आहे. मासिकाच्या संपादकांनी 'देव म्हणजे काय' यावर लेख मागितला, तेव्हा हे वाक्य मी एका दमात लिहिलं. दुसरं वाक्य सुचेना, त्याला आज आठवा दिवस. जन्मभर लोकांच्या टोप्या उडवलेल्या माणसाला हा विषय देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. पण माझं कोलीतही पेटेना.

त्यात टेबलाखाली नात. वय पाच, प्रश्न पंचाहत्तर.

"आजोबा, कात्री कुठंय?"

"देव जाणे."

"आई कधी येणार?"

"देव जाणे."

"धाकटे आजोबा आपल्याकडे का येत नाहीत?"

"देव जाणे. आता गप्प बस."

हे शेवटचं खरं तर मीही जाणत होतो. माझा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो. गेल्या वर्षी मी त्याच्यावर एक लेख पाडला. मथळा: 'माणसांना वर पाठवणारा माझा भाऊ'. वाचक पोट धरून हसले. धाकट्याला मात्र लोक जिन्यात गाठून विचारू लागले, "काय, आज किती पाठवलीत?" अकरा महिने तो बोललेला नाही. मीही नाही. मोठ्याने आधी का बोलावं? आणि एकेका विनोदाची माफी मागत बसलो, तर उरलेलं आयुष्य पुरायचं नाही. रविवारी तो मुलीकडे कायमचा राहायला निघालाय, ही बातमीसुद्धा मला किराणावाल्याने दिली. मीठ बांधता बांधता.

टेबलाखाली एकाएकी सामसूम. वाकून पाहिलं, तर ही डोळे मिटून बसलेली.

"आता काय?"

"देवाला विचारतेय. तुम्ही सगळे सारखं देव जाणे, देव जाणे म्हणता, आणि त्याला विचारत कुणीच नाही."

आठ दिवस मी देवावर लिहीत होतो. त्याला एक अक्षर बोलू दिलं नव्हतं.

"मग काय म्हणाला?"

"कात्रीचं बघतो म्हणाला."

"आणि धाकट्या आजोबांचं?"

"ते तुझ्या आजोबांना विचार म्हणाला. त्यांना माहितीय."

"देव अशा चहाड्या करत नाही."

"चहाडी कुठंय? तो जाणतो ना."

असा संताप आला की विचारू नका. पोरीवर काढता येईना, देवावर काढावा तर लेख अडकलेला. शेवटी फोन उचलला.

"बोल, दादा," पलीकडून धाकटा म्हणाला.

"त्या मथळ्याचं... चुकलो मी. मोठा असून चुकलो. लोक हसले, तेवढंच मला दिसलं. तू दिसला नाहीस."

पलीकडे एक खोकं सरकवल्याचा आवाज आला.

"रविवारच्या आत येशील?" त्याने विचारलं.

"आत्ता निघतो."

"मग येताना शिडी आण. माळा आवरायचाय."