तेलात घुसलेली बोटं

आचल काय आली, नयनचे ग्रहच फिरले. कित्येक वर्षं तो एकच गणित घासत बसला होता. घट्ट तेलाला पातळ पाण्याने ढकललं, की दोघांमधली सीमा सरळ का राहत नाही, बोटांसारखी फाटून तेलात का घुसते? उत्तरही काढलं होतं पठ्ठ्याने. पाणी आणि तेल यांच्यामधला ताण जितका कमी, तितकी बोटं बारीक. पण वर्ध्याच्या कॉलेजात कागदावरचं समीकरण बघतो कोण!

आणि ही सेलूच्या तेलवाल्याची पोरगी! परवा आली, दोन काचांमध्ये बापाच्या दुकानातलं जवसाचं तेल भरलं, सिरिंजने लाल पाणी सोडलं, की जमली गर्दी. प्रभाकरराव सर तर 'आचल, आचल' करत सुटलेले. बंगलोरच्या परिषदेला एकालाच पाठवायचं होतं आणि तो एक कोण, हे आज तिचा प्रयोग बघून ठरणार होतं. नयनच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

ती सरांना बोलवायला गेली, तेवढ्यात त्याने तिच्या लाल पाण्यात भांडी धुवायचा साबण टाकला. ताण कमी होईल, बोटं बारीक होतील, हिची मापं चुकतील आणि चांगली फजिती होईल. हे त्याला त्याच्याच समीकरणाने सांगितलं होतं.

आचलने सरांसमोर सिरिंज दाबली. तेलात झाडाच्या मुळांसारखे बारीक फाटे फुटले. तिचा चेहराच उतरला.

"सर, काल तं जाड आले होते. आज काऊन असं झालं?"

नयनला बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

सरांनी फाटे मोजले, फळ्यावर आकडेमोड केली आणि टेबलावर थाप मारली.

"अरे नयन! ताण कमी धरला तं हे तुह्यंच गणित आहे, तंतोतंत! पण ताण कमी झाला कसा?"

नयन फळ्यावरचे आकडे पुन्हा पुन्हा वाचू लागला.

"माह्याकडूनच भांड्याले साबण राह्यला असंन, सर," आचल म्हणाली. "मीच धुतलं होतं. चूक माहीच. पण मंग बंगलोरले नयनदादालेच पाठवा ना. गणित त्याचं खरं निघालं." आणि तिने मनापासून हसून त्याच्याकडे पाहिलं.

झालं! हवं होतं ते आयतं पदरात पडलं. साबणाबद्दल नयनने चकार शब्द काढला नाही. आचल गुणगुणत काचा पुसत होती. हिला आपला जरासुद्धा हेवा कसा वाटत नाही, या विचाराने तो तिच्यावर पहिल्यापेक्षा जास्त जळत होता.