नोएमीचा सातवा रोल

विमानांनी बॉम्ब टाकल्याला तीन दिवस झाले होते. तळ दरीपलीकडच्या पाईनच्या रानात हलवला होता, पण माणसं अजून दबक्या आवाजात बोलत होती. नोएमी जवळ आली की तेवढंही बंद व्हायचं.

त्रान्सितो तर तिच्याकडे ढुंकूनही बघत नव्हती. पन्नाशीला आलेली ही बाई तीन वर्षं चालातेनांगोच्या डोंगरात बंडखोरांची चूल सांभाळत होती. हाताखाली मेलिदा होती, एकोणीस वर्षांची, टॉर्टिया थापता थापता अखंड गुणगुणणारी. विमानं आली तेव्हा मेलिदा मका धुवायला ओढ्यावर गेली होती. तिचं प्रेत उचलून आणलं ते त्रान्सितोनेच.

ओढ्याची जागा शत्रूला सांगितली कोणी? हा एकच प्रश्न सगळ्यांच्या डोक्यात होता, आणि त्याचं उत्तर बहुतेकांनी मनातल्या मनात देऊनही टाकलं होतं. नोएमी दोन महिन्यांपूर्वी राजधानीतून आली होती. गळ्यात कॅमेरा. कोणी दाढी करतोय, कोणी बूट शिवतोय, कोणी झाडाखाली अक्षरं गिरवतोय, ही फोटो काढणार. "तुम्ही कसे जगता हे जगाला कळू दे," म्हणायची. जगाला कळेल तेव्हा कळेल, पण एक फोटो लष्कराच्या हाती लागला तर गावाकडचं अख्खं घर उचलून नेतात, हे इथे प्रत्येकाला माहीत होतं.

तळाचा प्रमुख साउल. पूर्वीचा शाळामास्तर, कमी बोलणारा. त्याने त्रान्सितोला, सगळे जिला आदराने 'निन्या' म्हणत, बाजूला घेतलं होतं.

"निन्या त्रान्सितो, त्या पोरीवर जरा नजर ठेवा."

"ठेवलेलीच आहे," ती म्हणाली. "तपासायला तिने फिल्मचे सहा रोल दिले ना तुम्हाला?"

"हो, सहाच."

"फिल्म धुऊन तिने दोरीवर वाळत घातल्या होत्या त्या पट्ट्या सात होत्या. मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्यात."

साउलने नोएमीला विचारलं. ती म्हणाली, "सातवा खराब झाला. फेकून दिला." हे ज्या पद्धतीने म्हणाली, त्यावरून शेंबड्या पोरालाही कळलं असतं की खोटं बोलतेय. साउलने तिचा कॅमेरा काढून घेतला आणि तिला मक्याच्या कोठीत बसवून दाराशी पहारा लावला. उद्या सकाळी तिला मुख्य ठाण्यावर पाठवायचं ठरलं. संशयावरून तिकडे पाठवलेली माणसं सहसा परत येत नसत.

त्रान्सितोला याचं वाईट वाटलं नाही. उलट सातवा रोल हाती लागला तर शंकेला जागाच उरणार नाही, म्हणून दुपारी तिने नोएमीची पिशवी उपसली. एका मोज्यात गुंडाळी होती.

"सापडली गं, सापडली," ती पुटपुटली आणि उघड्यावर येऊन तिने ती पट्टी आभाळासमोर धरली.

त्यात माणसं नव्हतीच. समोरच्या उतारावरून घेतलेले जुन्या तळाचे फोटो होते. ओढा, झाडी, वाट, सगळं उलट्या रंगात, काळ्याचं पांढरं नि पांढऱ्याचं काळं. हा तर नकाशाच! तिच्या कानशिलात रक्त चढलं. ती साउलकडे निघालीच होती, पण झाडीतून सरळ वर गेलेल्या एका काळ्या पट्ट्याने तिचा पाय अडला. आधी ओरखडा वाटला. पुढच्या फोटोतही तो होता. त्याच्या पुढच्याही. काळं म्हणजे खरं तर पांढरं, धूर. आणि तो उठत होता तिच्या चुलीवरून.



उजाडायच्या आत चूल विझवायची हा तळाचा नियम. धूर जमिनीखालच्या लांब चरातून नेऊन पालापाचोळ्यात जिरवायचा. त्या आठवड्यात चर ढासळला होता. मेलिदाने सांगितलंही होतं, "निन्या, चर बुजलाय, धूर वर जातोय." जखमींना गरम पेज हवी होती म्हणून चूल उजाडल्यावरही पेटती राहायची, हात रिकामे नव्हते. "बघू उद्या," असं त्रान्सितो म्हणाली होती. सलग चार दिवस रोज सकाळी हेच म्हणाली होती.

पट्टी आता चुलीत टाकली असती तर कोणाला काही कळलं नसतं. त्रान्सितोच्या मनात ते आलं, आणि बराच वेळ राहिलं. मग ती टॉर्टिया आणि घेवडा घेऊन कोठीवर गेली. पहारेकरी जेवण बघून बाजूला झाला.

"का लपवलंस?" तिने पट्टी पुढे केली.

नोएमीचा चेहरा उतरला. "तुम्ही पाहिलंत?"

"मी तुला फासावर द्यायला निघाले होते, पोरी. तोंड का नाही उघडलंस?"

"त्या दिवशी तुम्ही मेलिदाला मांडीवर घेऊन बसला होतात. तुम्हाला काय सांगणार होते मी?" नोएमी म्हणाली. "पुढे माझ्यावरच येईल असं वाटलं नव्हतं. आल्यावर वाटलं, आता सांगितलं तर म्हणतील, जीव वाचवायला म्हातारीवर ढकलतेय. उद्या नेण्याआधी तरीही सांगणार होते. खरं सांगते, भीती वाटायला लागली होती."

त्रान्सितो उठली ती थेट साउलपाशी गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

साउलने पट्टी पाहिली, मग तिच्याकडे पाहिलं. "आत्ता तुम्ही कोठीत गेला होतात ना? तिने काय कबूल करून घेतलं तुमच्याकडून?"

"मास्तर, मी कशाला असलं पाप स्वतःच्या डोक्यावर घेईन?"

"माणसं कशाकशासाठी काय काय घेतात," तो म्हणाला. "मला कोणाचंच खरं वाटेनासं झालंय."

दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या दोन माणसांना जुन्या तळावर पाठवलं. त्यांनी ती चूल पेटवली आणि साउल स्वतः समोरच्या उतारावर जाऊन उभा राहिला. वारं नव्हतं. धूर झाडांच्या वर गेला आणि तिथेच थांबला, पाव तास, अर्धा तास. परत आल्यावर त्याने पहारा काढला आणि कॅमेरा नोएमीच्या हातात दिला. माफी मागितली नाही.

त्रान्सितोची चूल गेली. ती ओझी वाहू लागली, चर खणू लागली. शिक्षा याहून मोठी हवी होती असं काही जण बोलले, आणि तिलाही तसंच वाटत होतं.

नोएमी पंधरा दिवसांनी दुसऱ्या आघाडीकडे निघाली. नदी पायी ओलांडतात तिथपर्यंत त्रान्सितो तिची पिशवी घेऊन गेली.

"राहा ना," ती म्हणाली. "आता कोणी काही म्हणणार नाही."

"म्हणणार नाहीत," नोएमी म्हणाली, "पण मी आले की अजून गप्प होतात, निन्या. तुम्हालाही ऐकू येतं ना ते?"

त्रान्सितोने पिशवी तिच्या खांद्यावर चढवली, पट्टा नीट बसवला, आणि नोएमी पलीकडच्या काठाला लागेपर्यंत पाण्यात घोटाभर उभी राहिली.