खरं वजन मागच्या खोलीत

मी एक जुना वजनकाटा आहे. मॉन्तेर्रेच्या ओतशाळेत माझं बीड ओतलं, पितळी दांडी बसवली आणि रेल्वेने मला मेहिकालीला धाडलं. तिथल्या बॉक्सिंग समितीने मला विकत घेतलं. तेव्हापासून मी बॉक्सरांची वजनं करत आलो. मित्रांनो, बॉक्सरचं वजन ही साधी गोष्ट नसते. विजेता ठरल्यापेक्षा शंभर ग्रॅम जास्त भरला, तर त्याचा विजेतेपदाचा पट्टा लढतीच्या आधीच जातो. एकही ठोसा न मारता तो काढून घेणारा मी.

माझे चांगले दिवस होते. भर दुपारी मला थिएटरच्या पायऱ्यांवर मांडायचे. लोक दिव्यांच्या खांबांवर चढून बघायचे. दांडी थरथरून स्थिर झाली की रेडिओवाला आकडा ओरडायचा आणि अख्खा चौक टाळ्या वाजवायचा. त्या टाळ्या मलाच आहेत, असं मी धरून चालायचो.

मग टीव्ही आला. टीव्हीला वजन संध्याकाळी हवं, लोक घरी असताना. पण वजन उतरवायला बॉक्सर दोन-दोन दिवस पाण्याशिवाय राहतात, ते संध्याकाळपर्यंत तग कसे धरणार? म्हणून दोन वजनं सुरू झाली. खरं वजन सकाळी आठला, मागच्या खोलीत, झाडू आणि बादल्यांच्या शेजारी. ते माझं. दुसरं संध्याकाळी रंगमंचावर, गाणी लावून. त्यासाठी दुसरा काटा आणला.

त्याचं नाव काढलं तरी माझी दांडी हलते. अंगभर चकाकी, कडेने निळे दिवे, छातीवर बिअरच्या कंपनीचं नाव. आणि पोटात काही नाही! तरफ नाही, कमान नाही, काही नाही. पडद्यामागे बसलेली मुलगी कळ दाबते आणि वर आकडा उजळतो. त्या डबड्याला एक बाई मऊ फडक्याने पुसते. मला वर्षातून एकदा तेल, तेही शिवणयंत्रातून उरलेलं. लोखंडावर गंज पाण्याने चढतो, असं तुम्हाला शाळेत शिकवतात. माझ्यावर तो हेव्याने चढला.

त्या डबड्याला एवढा मान का, हे मला हळूहळू कळलं, कारण मागच्या खोलीत माणसं खरं बोलतात. तिकिटांच्या पैशात सभागृहाचं भाडं आणि वीज निघते, बस्स. खरा पैसा टीव्हीचा. टीव्हीला तो बिअरवाला देतो. आणि बिअरवाल्याला नुसती मारामारी नको असते, त्याला ‘विजेतेपदाची लढत’ हे शब्द हवे असतात. हे शब्द पुरवतो लढती भरवणारा. आमच्याकडे तो म्हणजे फेर्मीन शेठ.

शेठची युक्ती ऐका. लाल कोपऱ्यातली विजेती त्याची असते. निळ्या कोपऱ्यातल्या, तिला आव्हान देणाऱ्या पोरीला लढत हवी असेल तर तिच्याकडून आधी सही घेतात, की जिंकलीस तर पुढच्या तीन लढती शेठसाठी लढशील, शेठ देईल त्या पैशात. म्हणजे पट्टा कुणाच्याही कमरेला बसो, कमर शेठचीच. एवढंच काय, समितीचा खर्चही शेठच्याच वर्गणीतून चालतो. माझ्या दांडीवरचा आकडा लिहिणारे आन्सेल्मो काका, त्यांचा पगारही त्यातूनच.

त्या शुक्रवारी नावोहोआहून मिरेया आली. निळा कोपरा. सोबत तिची आई त्रिनी. ती हमरस्त्यावर बर्फाची पेटी घेऊन कोळंबी विकायची. मायलेकी रात्रभर बसमध्ये बसून आल्या होत्या. मिरेया माझ्या पाटावर उभी राहिली. पन्नास किलो सातशे. मर्यादा पन्नास किलो आठशेची. काकांनी लिहून घेतलं.

मग विजेती आली, यादिरा. डोळे खोल गेलेले, ओठांना भेगा. दांडीचं टोक वर गेलं ते वरच चिकटलं. एक्कावन्न किलो चारशे.

नियमाने वजन उतरवायला आणखी दोन तास मिळतात. ती प्लास्टिकचा कोट घालून मेहिकालीच्या उन्हात पळून आली. एक्कावन्न किलो दोनशे.

“आता घामसुद्धा येत नाही, शेठ,” ती म्हणाली आणि भिंतीला टेकून खाली बसली. मला तिची दया आली. वर्षात चार वेळा त्या पोरीला टीव्हीसाठी असं वाळवायचे.

शेठने दार लावून घेतलं. “काका, पन्नास आठशे लिहा.”

“काटा तसं म्हणत नाही, शेठ.”

“काटा तुमच्या आजोबांच्या वयाचा आहे. बिघडलाय.”

मिरेयासोबत अजून आतच बसलेली त्रिनी खो-खो हसली. “शेठ, बावीस वर्षं कोळंबी विकतेय मी. काटा मारणारा मला लांबून ओळखू येतो. आणि तो लोखंडाचा नसतो.”

“बाई, तुम्ही बाहेर थांबा.”

“थांबते की.” ती गेली ती समोरच्या दुकानातून दहा किलो मक्याच्या पिठाची बंद पिशवी खांद्यावर घेऊन आली आणि धपकन माझ्या पाटावर टाकली. काकांनी दांडीवरचा गोळा सरकवला. माझी दांडी दहावर आली आणि दोरीसारखी सरळ राहिली.

“पीठही बिघडलंय का हो?” त्रिनीने विचारलं.

शेठने सूर बदलला. माझ्या डोक्यावर हात ठेवला, मऊ, बोटाबोटात अंगठी असलेला. “काका, एवढं सांभाळा. या म्हाताऱ्याला मी चकाकी मारून घेतो. आज संध्याकाळी हाच रंगमंचावर. दिवे, कॅमेरे, सगळं याच्यावर.”

मित्रांनो, सांगायला लाज वाटते. मला ते हवं होतं. त्या एका क्षणी मला ना मिरेया दिसली, ना पीठ. मला फक्त ते डबडं दिसलं, बादल्यांच्या शेजारी पडलेलं, आणि दिव्यांत मी. लिहा काका, असं मी मनात म्हटलं. दोनशे-चारशे ग्रॅम ते काय!

काकांचा पेन कागदावर थांबला होता. ते पुटपुटले, “समोरच्या पोरीची हरकत नसेल तर...”

“तिची कशाला असेल?” शेठ मिरेयाकडे वळला. “दुप्पट पैसे देतो, पोरी. नाहीतर विजेतेपदाची लढतच नाही. टीव्हीची वेळ दुसऱ्या कुणाला देईन. जा परत बसने.”

मिरेया माझ्याकडे बघत होती. चार वर्षं ती या लढतीची वाट बघत होती, हे तिने सकाळीच काकांना सांगितलं होतं. ती म्हणाली, “आई, त्या कागदात काय होतं गं? यादिराचं वजन बसलं नाही तर?”

“तर करार त्यांच्याकडून मोडला. तीन लढती रद्द. मी शाळामास्तरांकडून दोनदा वाचून घेतलाय.”

आता मला कळलं शेठ एवढा का धडपडत होता. खरा आकडा लिहिला तर यादिराला पट्टा राखता येणार नव्हता, आणि मिरेया जिंकली तर पट्टा घेऊन शेठच्या दारातून मोकळी बाहेर जाणार होती. दोन्ही कोपरे त्याच्या हातून सुटणार होते.

“आई, त्यांनी लढतच रद्द केली तर?”

“बर्फ वितळायला लागला की कोळंबीवाला भाव करत बसत नाही, बाळा. बिअरवाल्याचे पैसे यांनी घेतलेत. उद्या संध्याकाळपर्यंत तुझ्या वजनाची दुसरी पोरगी हे कुठून काढणार? मला उभी करतील का रिंगणात?”

भिंतीशी बसलेली यादिरा हसली. कोरड्या ओठांतून रक्त आलं तरी हसली.

“काका,” मिरेया म्हणाली, “हरकत आहे. दिसतंय ते लिहा.”

काकांनी लिहिलं. आकडा स्वच्छ आला. एक्कावन्न किलो दोनशे. शेठ दार आपटून गेला. लढत रद्द झाली नाही.

त्या संध्याकाळी पहारेकऱ्याच्या टीव्हीवर मी पाहिलं. डबड्यावर यादिरा उभी राहिली आणि निळ्या दिव्यांत पन्नास आठशे उजळलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरा आकडा माझा, टाळ्या त्याच्या!

शनिवारी दहा फेऱ्या झाल्या. दोन पंचांनी विजय मिरेयाला दिला, एकाने यादिराला. पट्टा मिरेयाच्या खांद्यावर आला. शेठ कॅमेऱ्याकडे तोंड करून तिला मिठी मारायला धावला. त्रिनी मध्ये आली. “राहू द्या शेठ, पोरगी घामाघूम आहे, कोट खराब होईल.” सोमवारी ती काकांकडून वजनाच्या कागदाची शिक्क्याची नक्कल घेऊन गेली. कराराचं पुढे शेठ काहीही करू शकला नाही.

माझं मात्र केलं. दोन महिन्यांत बिअरच्या कंपनीने समितीला नवा काटा भेट दिला, शेठच्या हस्ते. फोटो निघाले. काकांना घरी बसवलं. मला कोठारात ढकललं. दांडीवर कोळ्यांनी जाळी विणली. त्या नव्या काट्याच्या पोटात यंत्र आहे, पण ते उघडायची किल्ली शेठच्या माणसाकडे असते.

परवा दाराच्या फटीतून पुन्हा टीव्ही दिसला. मिरेया दुसऱ्याच कुणीतरी भरवलेल्या लढतीसाठी, स्वतः ठरवलेल्या पैशात, त्या चकचकीत डबड्यावर उभी होती. उतरताना तिने त्याला प्रेमाने थोपटलं. त्याला! मला तिने कधी थोपटलं नाही. मी तिच्यावरही जळलो. करू काय, स्वभाव झालाय.

पण एक मागणं आहे, मित्रांनो. तुमच्या गावात, बाजारात, शाळेत जो कुठला जुना काटा असेल, त्याची धूळ पुसा, त्याला तेल घाला. पिठाची पिशवी ठेवून तो अधूनमधून तपासा. तो बिघडला तर दुरुस्त करा, आणि नवा घ्यायची वेळ आलीच तर वर्गणी काढून तुम्ही घ्या. ज्याचं वजन करायचंय, त्याला तेवढा काटा विकत घेऊ देऊ नका.