आडवा सीपीयू

धम्मप्रियाला, माझ्या नातीला, लातूरला एका आर्किटेक्टकडे नोकरी लागली आणि ती घाईत कपड्यांच्या दोन बॅगा घेऊन गेली. कॉम्प्युटर आमच्या नांदेडच्या घरीच राहिला. सोमवारी तिला एका शाळेच्या इमारतीचं चित्र साहेबांना दाखवायचं होतं, आणि ते त्याच मशीनमध्ये होतं. मी आणतो म्हणालो. म्हटल्याबरोबर वाटलं, उगीच म्हणालो.

"आजोबा, आतलं ग्राफिक्स कार्ड लई जड आहे," तिनं फोनवर सांगितलं. "ते काढून वेगळं आणा. धक्क्यानं मोडलं तर ते चित्र उघडायचंच न्हाई."

रविवारी सकाळी सीपीयूचं झाकण काढलं. आत सगळं गच्च भरलेलं असेल असं मला वाटायचं. बरीचशी पोकळीच निघाली. सगळे भाग जिच्यावर बसवतात ती पाटी, मदरबोर्ड, भिंतीसारखी उभी, आणि त्यातून विटेएवढं कार्ड आडवं बाहेर आलेलं. स्क्रू सुटले, पण कार्ड ज्या खाचेत बसलं होतं तिच्या टोकाची प्लास्टिकची कडी सुटेना. जोर लावायची हिंमत झाली नाही. धम्मप्रियाचा फोन लागेना. स्क्रू परत लावले आणि बघत बसलो.

तीस वर्षं मी ग्रंथालयात काढली. वर्तमानपत्रांचे जाड बांधीव खंड आम्ही कधी उभे ठेवत नसू. पानांच्या वजनानं ते पाठीतून उसवतात. या कार्डाचंही तसंच दिसत होतं. पेटी आडवी ठेवून मदरबोर्ड तळाला घेतला, तर कार्ड त्याच्यावर सरळ उभं राहील, लोंबणार नाही. पण पुस्तकांचा नियम इथं चालतो का, कोण सांगणार?

एसटीत मागच्या सीटवर वाकळ अंथरून पेटी आडवी ठेवली. शेजारी रेणापूरच्या रत्नम्मा होत्या. नावगाव मी विचारायच्या आत त्यांनीच सांगितलं.

"उभं करा ते," त्या म्हणाल्या. "आमचा फ्रीज असाच आडवा आणला टेम्पोत. गेला की."

कंडक्टर थांबला. "काका, बाई खरं बोलून राहिल्या. मशीन आडवी करायची नसती." आणि त्यानं पेटी उचलून दोन सीटांच्या मध्ये उभी केलीसुद्धा.

दोघांना अनुभव होता, मला नुसता तर्क. लोह्याच्या अलीकडे गतिरोधक आला आणि पेटीत काहीतरी टक वाजलं.

"आडवी करा," मी म्हणालो. कुणाला ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणालो, "हा फ्रीज नाही. ह्यात गॅस नसतो."

"मग काय असतं?" रत्नम्मांनी विचारलं.

पिशवीतलं जाड पुस्तक काढून मी एकाच पुठ्ठ्याला धरलं. पानं खाली लोंबली, शिवण ताणली. "आतलं जड कार्ड असं एका कडेनं धरलेलं आहे."

त्यांनी निरखून बघितलं. "म्हणजे ओल्या भिंतीतल्या खुंटीला ज्वारीचं पोतं टांगल्यावानी."

"हाव."

"मग आधी का न्हाई बोललात? तोंडात गूळ हाय का? ओ कंडक्टर, आडवं करा ते. खुंटी निघंल."

"तुम्हीच तर उभं करा म्हणल्या," कंडक्टर म्हणाला.

"तवा मला ठाऊक नव्हतं."

मदरबोर्डची बाजू खाली घेऊन पेटी पुन्हा वाकळीवर निजवली. लातूरपर्यंत रत्नम्मांचा एक हात तिच्यावर होता, माझे दोन्ही.

धम्मप्रियानं झाकण उघडलं. कार्ड एका बाजूनं खाचेतून केसभर उचललं गेलं होतं. "आणखी थोडं हललं असतं तर..." ती म्हणाली आणि वाक्य सोडून दिलं. अंगठ्यानं हळूच दाबलं, बारीक आवाज झाला. बटण दाबल्यावर पडदा बराच वेळ काळाच होता. मी भिंतीकडे बघत राहिलो.

"आजोबा, बघा तर."

पडद्यावर शाळा उभी होती. तिनं माऊस माझ्या हातात दिला. तो सरकवत मी चित्रातल्या व्हरांड्यातून गेलो, जिना चढलो, एका बंद दारापाशी थांबलो.

"ह्याच्या मागं काय आहे?"

"अजून काढलं न्हाई. आता काढते."

मी खुर्ची जवळ ओढली.