ट्रकच्या नाकाला बांधलेली चुनरी

घाटाच्या पायथ्याशी चिंचेखाली ही गर्दी! मधोमध दीपचंदशेठचा सिमेंटने भरलेला ट्रक, आणि ट्रकभोवती लिंबू ओवाळत रतिलालबाबा.

"गाडीले डाकीण लागनी शे!" बाबा गरजला. "ती गाडीना नाकमातून आत घुसी ऱ्हायनी!"

नाक म्हणजे केबिनमागचा उभा पाईप, ज्यातून इंजिन हवा ओढतं. महिन्याभरापूर्वी ट्रकनं चढावर जरा काळा धूर सोडला, तेव्हापासून त्या पाइपाच्या तोंडाला बाबाची लाल चुनरी असे. आणि तेव्हापासून धूर वाढतच चालला होता. बाबानं जुनी चुनरी सोडली, डोळे फिरवले, ड्रायव्हर जामसिंगला रेस द्यायला लावली. धूर साफ! लोकांनी आरोळी ठोकली, मोबाइल वर झाले. मग बाबानं नवी चुनरी बांधली, चार पदरी, करकचून.

जामसिंगनं सुटकेचा निःश्वास टाकला. शेठनं बजावलं होतं, आज धूर दिसला तर चाव्या ठेवून घरी जा.

"डाकीण कोन शे ते आते घाटच सांगी," बाबा केबिनमध्ये चढत म्हणाला. "जठे गाडी काया धूर ओकी, तठेच तिन्हं घर!"

तिसऱ्या वळणाचा चढ सगळ्यात खडा. तिथं एकच घर, रुखमाबाईचं. ही जामसिंगची काकी. त्याची आई गेल्यावर तिनंच त्याला भाकर करून घातली, शाळेत पाठवलं. बाबाला त्या वळणावर मठ बांधायचा होता आणि म्हातारी जागा देत नव्हती, हे सगळ्या घाटाला माहीत होतं. पण त्या दिवशी ते आठवायला कोणी तयार नव्हतं.

वळणावर इंजिन कण्हलं आणि काळ्या धुराचा लोट थेट अंगणात वाळत घातलेल्या मोहफुलांवर गेला. ट्रकमागोमाग आलेल्या जीपांतून माणसं धडाधड उतरली. रुखमाबाई खोकत उभी राहिली.

"हाईच!" बाबानं बोट रोखलं. "खरी असशी तर सायलेन्सरले हात लाव. पापी ऱ्हायनी तरच जळी!"

ट्रक तर घाट चढून तापलेला. गर्दीतून कोणी म्हणालं, घरच्याच माणसानं हात धरायचा, तशी रीत आहे. सगळे जामसिंगकडे बघायला लागले. त्याला चाव्या आठवल्या, लोकांचे डोळे दिसले. तो गेला आणि त्यानं काकीचं मनगट धरलं.

"तू धरतोस?" ती आपल्या पावरी बोलीत म्हणाली. "मग धर. तू मला मारणार नाहीस."

त्यानं तिचा हात सायलेन्सरला टेकवला. मांस जळल्याचा वास आला, म्हातारीची किंकाळी दरीत घुमली आणि गर्दीनं चक्क जयजयकार केला! अरे, तापलेल्या लोखंडाला हात लावला तर जळणार नाही तर काय होईल? पण विचारतो कोण!

विचारलं ते रमिलाबाईनं. ती धडगावात डिझेल इंजिनवर पिठाची गिरणी चालवते. रस्ता अडल्यानं मागे एका जीपमध्ये अडकली होती, किंकाळी ऐकून धावत आली. म्हातारीचा हात तिनं पाण्याच्या घागरीत बुडवला आणि मग बाबाकडे वळली.

"बाबा, तुम्ही पुण्यवान. लावा हात."

बाबानं दोन्ही हात पाठीमागे नेले.

"बरं, राहू द्या." ती ट्रकवर चढली आणि चुनरी ओरबाडून काढली. "जामसिंग, गाडी वळणाखाली मागे घे. परत चढव."

तेच ओझं, तोच चढ, तेच घर. धूर जेमतेम दिसेल इतका. तिनं चुनरी पुन्हा बांधली. गाडी खाली, गाडी वर. काळा लोट! पुन्हा सोडली. पुन्हा साफ.

"डिझेल जाळायला हवा लागते," रमिलाबाई म्हणाली. "चढावर ओझं ओढताना डिझेल जास्त जातं, हवाही जास्त लागते. नाक बांधलं की डिझेल अर्धवट जळतं आणि काजळी होऊन बाहेर पडतं. उभ्या गाडीला ओझं नसतं, म्हणून खाली चमत्कार दिसतो. उरलेला धूर फिल्टर धुळीनं भरल्याचा. माझ्या गिरणीतला फिल्टर पिठानं बुजतो, तेव्हा मी तो झटकते. शेजारणीला डाकीण म्हणत नाही!"

मग तिनं तीच चुनरी चार पदरी करून बाबाच्या नाकातोंडावर आवळली. गर्दीतल्या दोघांनी त्याच्या खांद्यावर सिमेंटची गोणी दिली. "चढा महाराज." वीस पावलांत बाबा जांभळा पडला, गोणी टाकून चुनरी फाडायला लागला.

"काय हो, डाकीण लागली का?"

लोक खदाखदा हसले. मघाशी जयजयकार करणारे तेच लोक, तेच मोबाइल. आडव्या पडलेल्या बाबानं हात जोडून कबूल केलं, अकरा वर्षं उसाच्या ट्रकवर क्लीनर होतो, मला सगळं ठाऊक होतं.

"हसता कशाला?" रमिलाबाई कडाडली. "त्यानं बोट दाखवलं, पण बघत तुम्ही उभे होतात! पोलिसांत तुमचीही नावं देणार आहे मी."

धूर दिसला तर फिल्टर उघडा, पाइप बघा, मेकॅनिकला विचारा. कुणाच्या दाराकडे बोट दाखवण्याआधी एवढं तरी करा. त्याला काही मोठी अक्कल लागत नाही.

जामसिंग काकीजवळ गेला. दवाखान्यात न्यायला त्यानं तिच्या दंडाला आधार द्यायला हात पुढे केला. तिनं अंग चोरलं.

"तू तर ड्रायव्हर आहेस रे," ती म्हणाली. "धूर कशानं येतो, तुला माहीत नव्हतं?"

माहीत होतं. लायसन्स काढायच्या आधी वर्षभर त्यानं गॅरेजात फिल्टरच साफ केले होते. रुखमाबाई रमिलाबाईचा खांदा धरून जीपमध्ये जाऊन बसली.