सिलसिलेवार चौदा टक्के

रिटायर होऊन सहा वर्षं झाली, तरी देवाजी घरातल्या गॅसच्या पावत्या तारखेवार दोऱ्यात ओवायचे. कचेरीत चौतीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. एक नंबरचा कागद लागल्याशिवाय दोन नंबरला हात लावणार नाही. त्यामुळं त्या दिवशी जे घडलं, ते घडणारच होतं.

तामसीच्या विहारात बायकांनी नाटक केलं, त्याचं शूटिंग देवाजींच्या भैंशाला राहणाऱ्या पुतणीनं, वृषालीनं केलं. फिल्म नऊ जीबीची आणि वृषालीचं नेट बारीक. देवाजींसकट पाच घरांना पाचदा पाठवायची तर दुसरा दिवस उजाडला असता. म्हणून तिनं टॉरेंट लावलं. फिल्मचे हजारो तुकडे पाडायचे, या घराला एक, त्या घराला दुसरा द्यायचा, बाकीचे घरांनी आपसांत वाटून घ्यायचे. चारच्या बसनं तिला लॅपटॉप घेऊन निर्मलला जायचं होतं. इकडं शेवटच्या प्रवेशात पंचफुलाबाईंचं, म्हणजे देवाजींच्या बायकोचं गाणं. त्यांनी स्वतःला पडद्यावर कधी पाहिलं नव्हतं, आणि संध्याकाळी सातला बघायला म्हणून अख्खी गल्ली बोलावून बसल्या होत्या.

सकाळी दहाला देवाजींनी स्क्रीन पाहिला. तुकडा नंबर चारशे आला, मग बावीस, मग नऊशे. त्यांच्या जिवाला घोर लागला. सेटिंगमध्ये ‘क्रमाने उतरवा’ असा चौकोन होता, त्यावर टिचकी मारली आणि ग्रुपवर लिहिलं, ‘सर्वांनी सिलसिलेवार घ्यावे. पहिले पान आधी.’ त्या घरांचे सगळे सरकारी दाखले देवाजींच्याच हातचे. शब्द कोण मोडणार?

सव्वाबाराला चौदा टक्के.

“हे काऊन रांगून राह्यलं?” त्यांनी वृषालीला फोन लावला.

“काका, पाचही जण माझ्याकडं एकच तुकडा मागून राह्यले. सगळ्यांजवळ सारखंच हाय, मग एकमेकांले देणार काय? असंच चाललं तर चारपर्यंत अर्धं बी होत नाही.”

“म्हणजे माझं गाणं?” पंचफुलाबाई दारात येऊन उभ्या.

“ते शेवटी हाय,” देवाजी म्हणाले.

“शेवटी काऊन ठेवलं?”

सून रश्मी शाळेच्या वह्या तपासत होती. म्हणाली, “मामंजी, ती जमाबंदीची गोष्ट सांगा न.”

ही गोष्ट घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्यानं ऐकलेली. देवाजींना राहवलं नाही. “साहेब दोन तासांत येणार, दोनशे पानांच्या मिसलीची नक्कल पाहिजे. म्या फायलीचा दोरा सोडला, पाच जणांले चाळीस-चाळीस पानं वाटली. पाचही जण पहिलंच पान लिहीत बसले असते, तर...”

ते थांबले. रश्मीनं वहीवरून डोकं वर केलं नाही.

चूक कबूल करणं देवाजींना जड. आदेश सुधारणं मात्र अंगवळणी पडलेलं. ग्रुपवर आलं, ‘सुधारित सूचना क्र. २. सूचना क्र. १ रद्द. कोणतेही पान आधी घ्यावे.’

अर्ध्या तासात आकडे पळायला लागले. देवाजी चिठ्ठीवर पाच घरांपैकी कोणाकडून किती आलं ते मांडत बसले.

“मुधोळची प्रणिता भरभरून देते. शुभांगीकडून एक तुकडा नाही. नुस्ती घेऊन राह्यली.” त्यांनी तिच्या नावापुढं फुली मारली.

“देते न. तुमच्याकडं नाही, वनमालाबाईकडं,” रश्मी ग्रुपवरचे मेसेज बघत म्हणाली.

देवाजींनी शुभांगीच्या नावापुढची फुली खोडली.

चारला वृषालीनं लॅपटॉप मिटला. इथं एक्क्याण्णव टक्के. आकडा थबकला. पंचफुलाबाई पिठाच्या हातानं तशाच येऊन उभ्या राहिल्या. मग ब्याण्णव झाले. मूळ प्रत बसमध्ये बसून गेली होती, पण पाच घरांत मिळून एकही पान कमी नव्हतं.

पाचच्या आत शंभर.

देवाजी खुर्ची सरकवून पहिल्यापासून लावायला लागले, तशा पंचफुलाबाई म्हणाल्या, “पुरं झालं तुमचं सिलसिलेवार. शेवटून लावा.”

त्यांनी मुकाट्यानं शेवटून लावलं. गाणं संपेपर्यंत बाईंच्या हातावरचं पीठ वाळलं.

“हात लई हलवते मी,” त्या म्हणाल्या. “अजून एकदा लावा.”

रश्मी कॉम्प्युटरची घरघर ऐकून म्हणाली, “ते टॉरेंट तरी बंद करा आता.”

“राहू दे,” देवाजी चिठ्ठी बघत म्हणाले. “शुभांगीचे दोन टक्के बाकी हायेत.”