बाबांचा टोर्नेडो

त्या रविवारी सकाळी बाबांनी मला बंगळुरूच्या के. आर. पुरममधल्या एका आडव्या झालेल्या गुलमोहराशेजारी उभं केलं आणि म्हणाले, "हसू नकोस. तू मापासाठी आहेस."

आदल्या संध्याकाळी तिथून वारा गेला होता. शेजारीपाजारी त्याला साधं वादळ म्हणत होते, म्हणून बाबा दुखावले होते. सरकारी कारखान्यात यंत्रांचे भाग तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि निवृत्तीनंतर ते वादळांच्या मागे लागले. आई म्हणायची, लोकांना नातवंडं हवी असतात, यांना टोर्नेडो हवाय.

त्यांची पद्धत ठरलेली होती. पडलेल्या प्रत्येक झाडाची दिशा होकायंत्रावर बघायची, वहीत लिहायची आणि शेजारी मला उभं करून फोटो काढायचा. माझ्या उंचीवरून खोडाची जाडी काढता येई. टेप का नाही आणत, असं विचारलं की म्हणत, टेप आपल्या पायांनी चालत येत नाही.

दुपारी दोन पर्जन्यवृक्ष एकमेकांकडे शेंडे करून पडलेले सापडले. सरळ वाऱ्यात झाडं एकाच बाजूला पडतात. ही समोरासमोर होती, म्हणजे वारा गरगरला होता. बाबा इतके खूश झाले की थांबवून ठेवलेल्या रिक्षावाल्यालाही त्यांनी सगळं समजावलं. तो "स्वल्प बेगा, सार" म्हणत घाई करत राहिला.

सोमवारी सकाळी ते बूट घालायला खुर्चीत बसले आणि उठलेच नाहीत.

चौदाव्या दिवशी कारखान्यातले त्यांचे मित्र चंद्रकांतकाका लॅपटॉप घेऊन आले. वहीतल्या नोंदींचा अहवाल हवामानतज्ज्ञांकडे गेला नाही तर दामोदरचा टोर्नेडो कायमचा साधं वादळच राहील, म्हणाले. आणि एक आकडा जरी चुकीचा निघाला तरी ती मंडळी सगळंच बाजूला ठेवतील. मग फोटो उघडून त्यांनी वहीतून वाचलं, "यशश्रीची उंची, पाच फूट चार."

कॉलेजात असताना मीच ती बाबांना सांगितली होती. कारखान्यात कुणाच्याही मापावर विश्वास न ठेवणाऱ्या बाबांनी माझं माप कधी तपासलं नाही. बारा वर्षं त्यांच्या वहीतलं बंगळुरूचं प्रत्येक झाड तीन टक्के जास्त जाड होतं.

काका आकडा टाइप करू लागले.

"थांबा, काका," मी म्हणाले. "पाच-दोन आहे. मी बाबांना खोटं सांगितलं होतं."